ग्रान ४.० आणि एक जास्तीचा हायड्रोजन

सोमवार, १२ जानेवारी

आजपासून रोजनिशी. कुणासाठी नाही, फक्त माझ्यासाठी. पुढेमागे ग्रानचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच तर तारखांचा घोळ नको, एवढाच हेतू.

ग्रान म्हणजे रसायनशास्त्राची सॉफ्टवेअर लायब्ररी. रेणूचं चित्र तिला द्या, ती त्याचं वजन सांगते, तो पाण्यात किती विरघळेल ते सांगते. फुकट आहे. जगात कुणीही वापरावी, कुणीही दुरुस्त करावी. एकोणीस वर्षांपूर्वी मी ती सुरू केली तेव्हा खिडकीबाहेर स्प्रूसचं, म्हणजे आमच्या भाषेत ग्रानचं, मोठं झाड होतं, म्हणून नाव ग्रान. झाड नंतर विद्यापीठानं पाडलं. लायब्ररी उभी आहे.

पण आतून तिची गोधडी झालीय. जो येतो तो ठिगळ लावून जातो. निश्चय: संपूर्ण रिफॅक्टरिंग. बाहेरून काही बदलणार नाही, आतून सगळं लख्ख. आवृत्ती ४.०. दोन आठवड्यांचं काम.

बायकोला सांगितलं. केर्स्टिन म्हणाली, दोन आठवडे म्हणजे तुझे की चारचौघांचे? बाल्कनीचं दारही दोनच आठवड्यांचं होतं म्हणे. दाराचा इथे काय संबंध?

विभागातलं कॉफीचं मशीन पुन्हा गळतंय. माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. मी रिसर्च इंजिनिअर आहे हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

गुरुवार, १५ जानेवारी

रोगाचं मूळ सापडलं. हायड्रोजन.

रेणूच्या चित्रात हायड्रोजन कुणी काढत बसत नाही. ते असतातच, बघणाऱ्यानं समजून घ्यायचे. ग्रानमध्ये हे समजून घेण्याचं काम एक फंक्शन करतं. नऊशे ओळींचं! लिहिणारी इल्वा. इल्वा म्हणजे ग्रान सांभाळणारी दुसरी व्यक्ती. दक्षिणेकडे एका औषध कंपनीत नोकरी, घरी दोन मुलं, उरलेल्या वेळात ग्रान. लोकांच्या तक्रारी सोडवणं, टेस्ट लिहिणं, नवी आवृत्ती बाहेर काढणं, अशी किरकोळ कामं तिच्याकडे असतात. दृष्टी माझी.

नऊशे ओळींत नुसते अपवाद. नायट्रोजन कड्यात असेल तर असं, पण शेजारी ऑक्सिजन असेल तर तसं, पण तोच जर भारित असेल तर अजून तिसरंच. मध्येच एक टीप: हे काढू नका. का ते मला विचारा. – इल्वा.

विचारलं नाही. विचारलं की चर्चा होते, चर्चेची मीटिंग होते, मीटिंगला दालचिनीचे बन येतात आणि मग सगळ्यांचं मत पडतं की आहे तेच बरं आहे. या देशात चांगल्या कल्पना अशाच मरतात.

शुक्रवार, ३० जानेवारी

दोन आठवडे उलटले. काम तत्त्वतः पूर्ण. फक्त लिहायचं राहिलंय.

मशीनची नळी साफ केली. अख्खी सकाळ गेली. होकान, म्हणजे आमचे प्राध्यापक, येऊन म्हणाले, स्टेलान, तू नसतास तर आम्ही चहा पीत बसलो असतो बघ. यात कौतुक कमी आणि कामाला जुंपणं जास्त.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

चाळीस ओळी!

नऊशेच्या जागी चाळीस. एकच नियम, सगळ्या अणूंना सारखा न्याय, कुणाचे लाड नाहीत. स्क्रीनकडे बघून डोळे भरून आले. खरंच आले.

तूवाला बोलावून दाखवलं. तूवा होकानची पीएचडीची विद्यार्थिनी, पार उत्तरेकडची. नदीतून समुद्रात जाणारी औषधं माशांच्या अंगात किती उतरतात यावर पाच वर्षं घासतेय. मार्चअखेर प्रबंध ठोकणार, म्हणजे इथल्या रिवाजाप्रमाणे खिळा ठोकून फळीवर जाहीर टांगणार, एप्रिलमध्ये जाहीर बचाव, म्हणजे परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. तिच्या गावाजवळच्या पाणी-प्रयोगशाळेत मेपासून नोकरी ठरलीय, पण पदवी हातात असेल तरच. तिचे सगळे आकडे ग्रानमधून येतात. थोडक्यात, पोरीचं भवितव्य माझ्या कोडवर उभं आहे.

तूवानं वरून खाली वाचलं. म्हणाली, छोटं आहे. मी म्हटलं, सौंदर्य छोटंच असतं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

टेस्ट चालवल्या. तीनशेपैकी एकसष्ट नापास. धसका बसला. मग नीट पाहिलं तर एकसष्टच्या एकसष्ट इल्वानं लिहिलेल्या. जुन्या विचारांच्या टेस्ट नव्या कोडला कशा लागू पडणार? काढून टाकल्या. आता सगळ्या पास.

सोमवार, १६ फेब्रुवारी, वर्षाचा आठवा आठवडा

इमारत रिकामी. शाळांना हिवाळी सुट्टी, झाडून सगळे बर्फात घसरायला गेलेत. काय शांतता!

चाळीस ओळी आज प्रकल्पात सगळ्यांसमोर मांडल्या. आमचा नियम आहे, मीच लिहिलेला: सात दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांची संमती आहे असं समजावं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

क्रीमचे बन खायचा दिवस. विभागात खाणारं कुणी नाही, म्हणून तीन खाल्ले. हरकत एकही नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

अजूनही हरकत नाही. एकोणीस वर्षांत असं एकमत पाहिलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

४.० जाहीर! संस्थापकाच्या हातून.

दुपारी इल्वा डोंगरातून परतली. तिनं एकच शब्द लिहिला: अच्छा. पुढे पूर्णविराम. भारावली असावी. थोड्या वेळानं आणखी एक ओळ: जुनी ३.८ मी बाजूला चालू ठेवते, कुणाला लागली तर.

वाईट वाटलं बिचारीचं. माणसाचा जुन्या गोष्टींत जीव अडकतो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

तूवाला म्हटलं, चौथं प्रकरण ४.०वर पुन्हा चालव. प्रबंधात नव्या आवृत्तीचा उल्लेख येईल, तुझंही भलं, ग्रानचंही. तिनं श्वास आत ओढला आणि म्हणाली, हो, बघते. उत्तरेची माणसं होकार देताना श्वास आत ओढतात. इतका खोल होकार मी आजवर ऐकला नव्हता.

बचावानंतरच्या मेजवानीत भाषण करणार म्हणून तिच्या मैत्रिणीकडे आत्ताच नाव नोंदवलं. विषय: ४.० – एक प्रवास. बारा मिनिटं. मैत्रीण म्हणाली, बाकीचे तीन-तीन मिनिटं बोलतायत. म्हटलं, म्हणूनच.

गुरुवार, १२ मार्च, दुपारी

घोषणेच्या पानावर टाकायला एखादा ओळखीचा रेणू हवा होता. कॅफीन घेतलं. हायड्रोजन दहा असतात, शाळेतलं पोरही सांगेल. ग्राननं सांगितले अकरा.

पुन्हा चालवलं. अकरा.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अकरा.

तासाभरानं

कड्यातला एक नायट्रोजन मोकळा आहे. मोकळाच असायला हवा. माझा नियम त्यालाही एक हायड्रोजन देतो. सारखा न्याय ना.

तूवाची निम्मी औषधं अशीच आहेत. कडं, आणि कड्यात मोकळा नायट्रोजन. वजन चुकलं की विरघळणं चुकलं, विरघळणं चुकलं की मासे चुकले. अख्खं चौथं प्रकरण.

खोलीचं दार लावून घेतलं.

अजून थोड्या वेळानं

घाबरण्यासारखं काही नाही. एक अपवाद घातला की झालं. प्रबंध ठोकायला दोन आठवडे आहेत. गुपचूप दुरुस्त करतो आणि मग तिला सहज म्हणतो, शेवटचं एकदा चालवून घे हं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्ता सांगितलं तर पोरगी उगीच घाबरेल. हे मी तिच्यासाठीच करतोय.

शुक्रवार, १३ मार्च

अपवाद घातला. शेहेचाळीस ओळी. कॅफीन बरोबर आलं. निकोटिनचा एक गेला.

बुधवार, १८ मार्च

दोनशे बारा ओळी. एकाला धरावं तर दुसरा सुटतो. आज पेनिसिलिन रुसलं.

जेवणाच्या खोलीत तूवा भेटली. चेहरा फुललेला. प्रबंध छापखान्यात गेला म्हणाली. माझ्या घशात हेरिंग माशाचा तुकडा अडकला. शक्य तितक्या सहज विचारलं, चौथं प्रकरण कसं झालं? म्हणाली, आकडे इतके छान आलेत ना स्टेलान, मलाच खरं वाटत नाहीये.

कुणालाच वाटणार नाही, पोरी.

सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, मशीन कसलातरी आवाज करतंय, बघतोस का? बघितलं. वॉशर गेलं होतं. बदलेपर्यंत ती निघून गेली.

बुधवार, २५ मार्च

वॉफलचा दिवस. होकाननी स्वतः भाजले. तोंड भरलेलं असताना म्हणाले, तूवासारखी विद्यार्थिनी दहा वर्षांत पाहिली नाही. पाणी-प्रयोगशाळेतून फोन होता, तिचं टेबल मांडून ठेवलंय म्हणे त्यांनी. परीक्षक बाई बर्गनहून येतायत. भलत्या काटेकोर. दुसऱ्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत, सगळं कोड स्वतः चालवून बघतात.

वॉफल खाली ठेवला. होकान म्हणाले, काय रे, मुरंबा आंबट आहे का? म्हटलं, हो.

तीनशे नव्वद ओळी. निश्चय: परवा, खिळा ठोकण्याआधी, तूवाला बाजूला घेऊन सरळ सांगायचं. वाक्य तयार आहे: तूवा, चौथ्या प्रकरणात एक बारीकशी गोष्ट आहे. 'बारीकशी' महत्त्वाचं.

शुक्रवार, २७ मार्च

सांगितलं नाही.

तिचे वडील आले होते. राग्नार. अकरा तास गाडी चालवून, कारण विद्यापीठाची हातोडी हलकी असणार अशी त्यांना खात्री. स्वतःची घेऊन आले. सुतारी हातोडी, एवढी मोठी. घरात आजवर कुणी शाळेपुढे गेलं नाही म्हणाले, हे पहिलं पुस्तक. मग हातोडीचा दांडा रुमालानं पुसायला लागले.

मी पुढे झालो. म्हटलं, तूवा, चौथ्या... तिनं तिचा कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, धर ना जरा. धरला. मुख्य इमारतीच्या फळीवर तिनं प्रबंध टेकवला, राग्नारनी खिळा धरला, तिनं हातोडी उचलली. तीन ठोके. टाळ्या. खिळा लाकडात असा घुसला की भिंत हलली.

मीही टाळ्या वाजवल्या. कोट हातात असल्यामुळे आवाज आला नाही.

शनिवार, २८ मार्च, सकाळी

नवा विचार. नियम सांगतो, बचावाआधी तीन आठवडे प्रबंध लोकांसमोर हवा. कालपासून बरोब्बर तीन आठवडे होतात. म्हणजे एक दिवस जरी तो फळीवर नसला तरी हिशेब चुकतो. हिशेब चुकला की बचाव पुढे जातो. पुढे गेला की आकडे दुरुस्त करायला वेळ मिळतो. पोरगी वाचते. सरळ आहे.

दुपारी

पक्कड मशीनच्या ड्रॉवरमध्ये होती. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. राग्नारचा खिळा काही केल्या निघेना. गुडघा भिंतीला टेकवून ओढला. प्रबंध आता माझ्या पिशवीत, कांद्यांखाली.

मी चोर नाही. मी ग्रानचा संस्थापक आहे.

रविवार, २९ मार्च

केर्स्टिनला सापडला. टेबलावर ठेवून म्हणाली, हे काय? खरं ते सांगितलं, संरक्षणासाठी आणलाय. म्हणाली, चोरलाच आहेस तर वाच तरी.

वाचायला वेळ कुठे आहे? साडेचारशे ओळी झाल्यात. फक्त आभाराचं पान पाहिलं, नाश्ता करता करता. इल्वाला चार ओळी. चार! होकानना तीन. राग्नारना एक अख्खा परिच्छेद. मग मी.

स्टेलानला, कॉफीसाठी.

पुन्हा वाचलं. पान उलटून बघितलं, पुढे काही नव्हतं.

विचार केल्यावर लक्षात आलं. ज्याचं ऋण फार मोठं असतं त्याच्याबद्दल माणूस मोजकं लिहितो. कॉफी हे एकूण सगळ्याचंच प्रतीक असणार.

सोमवार, ३० मार्च

बोंबाबोंब. फळीवर नुसतं भोक. होकाननी सगळ्या विभागाला मेल पाठवला: प्रबंध ज्याच्याकडे आहे त्यानं कृपया आणून द्यावा, काही प्रश्न विचारले जाणार नाहीत. 'कृपया' ठळक अक्षरात होतं. आमच्याकडे याहून जास्त कुणी ओरडत नाही.

तूवा रडत असेल म्हणून भीत भीत गेलो. ती नाचत होती! म्हणाली, स्टेलान, ऐकलंस का? सगळे म्हणतात प्रबंध कोणी उघडूनही बघत नाही, आणि माझा चोरीला गेला! वडिलांना फोन केला तर त्यांनी गावभर सांगितलं, बंदोबस्त ठेवायला हवा होता म्हणतात.

तिच्या आनंदात सामील झालो. फार कठीण गेलं.

मंगळवार, ३१ मार्च

होकानना सहज विचारलं, आता तीन आठवड्यांचं काय? म्हणाले, अरे, खरं ठोकणं हल्ली ऑनलाइन होतं, ते शुक्रवारीच झालं. फळी काय, फोटोपुरती.

एकोणतीस वर्षं या विद्यापीठात आहे. मला कुणी काही सांगतच नाही.

बुधवार, १ एप्रिल

भल्या सकाळी प्रबंध परत टांगला. त्याच भोकात खिळा बसेना, शेजारी दुसरं पाडलं. वाकडं लागलं.

दहा वाजता सगळे जमले. होकान म्हणाले, एक एप्रिल, कुणाची तरी गंमत. पण तूवानं पानं चाळली आणि ओरडली, बघा, बघा! आभाराच्या पानावर लोण्याचा डाग! म्हणाली, जेवताना सुद्धा खाली ठेवला नाही रे त्यानं. इतका रंगून वाचलाय.

कोण असेल? तिनं मला विचारलं. म्हटलं, कोणीतरी जाणकार.

शुक्रवार, ३ एप्रिल, ईस्टरची सुट्टी

सहाशे अकरा ओळी. केर्स्टिन बहिणीकडे एकटीच गेली. अंडी उकडून ठेवलीत. जाताना म्हणाली, स्टेलान, त्या मुलीला फोन कर. एवढंच. दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

फोन हातात घेतला होता. तीनदा. पण सणासुदीला कशाला?

मंगळवार, ७ एप्रिल

झालं! कॅफीन दहा. निकोटिन ठीक. पेनिसिलिन ठीक. काढून टाकलेल्या एकसष्ट टेस्ट हळूच परत आणल्या, दोन सोडून सगळ्या पास. एकूण ओळी नऊशे चाळीस.

वरून खाली वाचत गेलो. नायट्रोजन कड्यात असेल तर असं, पण शेजारी ऑक्सिजन असेल तर तसं. कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. मध्ये एका जागी मीच टीप लिहून ठेवलीय: हे काढू नका.

इल्वाच्या नऊशेपेक्षा माझ्या चाळीस जास्त आहेत. म्हणजे सुरुवातीच्या चाळीस शाबूत आहेत असं म्हणता येईल.

पण प्रबंध छापलेला आहे. त्यात फेब्रुवारीचं कोड आहे, अकरा हायड्रोजनवालं. माझ्या मशीनवरचं कोड दुरुस्त करून छापलेल्या पानावरचा आकडा कसा बदलणार? हे मार्चमध्ये लक्षात यायला हवं होतं. आलंही होतं. मी बाजूला सारलं.

हे वाक्य पहिल्यांदाच खरं लिहिलंय बहुतेक. पुढे जाऊ.

गुरुवार, १६ एप्रिल

उद्या बचाव. परीक्षक बाई आल्या. होकानच्या खोलीबाहेर पाहिल्या. हातात प्रबंध, पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या.

तूवाच्या दाराशी गेलो. आत ती एकटीच मोठमोठ्यानं उत्तरं पाठ करत होती. चौथ्या प्रकरणात मी दाखवलंय की, म्हणत होती, चौथ्या प्रकरणात मी दाखवलंय की. दर वेळी आवाज जरा जास्त ठाम. मी दारावर मूठ उचलली होती.

परत आलो. मशीन धुतलं. उद्या पाहुणे आहेत.

आता देवावर हवाला. मी तर त्याला मानतही नाही.

शुक्रवार, १७ एप्रिल, दुपारी

झालं ते क्रमानं लिहितो.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत इल्वा, खास आगगाडीनं आलेली. शेजारी राग्नार, सूट घालून, हात मांडीवर. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

पहिला तास बरा गेला. मग बाईंनी चौथं प्रकरण उघडलं. म्हणाल्या, इथं माझा एक गंभीर प्रश्न आहे. मी ग्रान स्वतः चालवून पाहिली. फेब्रुवारीत ४.० आलीय. तिच्यात कॅफीनला अकरा हायड्रोजन येतात.

सभागृहात कुणीतरी हसलं. राग्नारना काही कळत नव्हतं, ते नुसते तूवाकडे बघत होते. मी उभा राहिलो. खरंच राहिलो. चूक माझी आहे असं ओरडणार होतो, देवाशपथ.

तूवा म्हणाली, हो, ४.०मध्ये तो घोटाळा आहे. म्हणून मी ३.८ वापरली. पान एकतीसवर लिहिलंय. ४.० मी उघडलीच नाही.

बाई म्हणाल्या, मला तेच ऐकायचं होतं. पुढे कुणी वापरतं का हो ती? इल्वा पहिल्या रांगेतून म्हणाली, कुणीच नाही. फेब्रुवारीतच सगळ्यांना सांगितलंय, ३.८वर थांबा म्हणून. होकान मागे वळून म्हणाले, स्टेलान, तुला काही विचारायचंय का? म्हटलं, नाही. खिडकी उघडायला उठलो होतो. मग खिडकी उघडावी लागली. बाहेर चार अंश होते.

तूवा पास झाली. एकमतानं. राग्नार रडले, उघड उघड, मोठ्यानं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मग झाला. मग पुन्हा गेला.

पान एकतीस. तो प्रबंध चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात होता.

शनिवार, १८ एप्रिल

कालची मेजवानी. बारा मिनिटांचं भाषण कोटाच्या खिशात. ४.० – एक प्रवास. माझा नंबर शेवटचा. इल्वा शेजारीच बसली होती. म्हणाली, तू रागावणार नाहीस ना? मी तुला सांगणारच होते, पण तू इतका खुशीत होतास. मी म्हटलं, छे, छे. सगळ्यांनी मिळून मला दोन महिने सांभाळून घेतलं. लहान मुलाला अंगणात खेळू द्यावं तसं. हायड्रोजनसारखे, चित्रात काढलेले नव्हते, पण ते सगळे तिथे होते.

माझ्याआधी तूवाच उठली. म्हणाली, आभारात स्टेलानबद्दल एकच ओळ आहे, ती सांगून टाकते. दुसऱ्या वर्षी माझं काहीच चालत नव्हतं. एका शुक्रवारी मी राजीनामा लिहून, छापून, होकानच्या खोलीकडे निघाले. कॉफीच्या खोलीपाशी स्टेलान जमिनीवर आडवा. मला म्हणाला, ए, ही नळी धर. मी धरली. तासभर. तो हायड्रोजनबद्दल बडबडत होता, मी काही ऐकत नव्हते. मग मशीन चालू झालं, त्यानं पहिला कप मला दिला आणि म्हणाला, सोमवारी पुन्हा गळणार हे, ये. सोमवारी गेले. मग रोजच गेले. राजीनामा द्यायचा राहूनच गेला.

मला ती नळी आठवते. वॉशर चुकीच्या मापाचं होतं. तिच्या हातात कागद होता हे आठवत नाही.

राग्नार टेबलाला वळसा घालून आले आणि माझा हात हातोडीवाल्या हातात धरला. सोडेनात.

मग ग्लासवर चमचा वाजला. स्टेलान, बारा मिनिटं. उभा राहिलो. खिशात हात घातला, कागद तसेच ठेवले.

कॉफीबद्दल बोललो. तीन मिनिटं.

रात्री केर्स्टिननं विचारलं, कागदांची घडीही कशी मोडली नाही? काय बोललास मग? सांगितलं. तिनं माझ्या टायची गाठ सोडवली आणि म्हणाली, बरं केलंस.

सोमवार, २० एप्रिल

४.० मागे घेतली. इल्वाला लिहिलं, ३.८ पुढे चालू दे, सगळं तुझ्याकडे. तिचं उत्तर: अच्छा. पुढे या वेळी हसरा चेहरा.

तूवानं खोली रिकामी केली. जाताना कॉफी प्यायली. म्हणाली, तिथल्या प्रयोगशाळेत बटण दाबायचं मशीन आहे, कसं होणार माझं?

आज पुन्हा गळतंय. वॉशर, नळी, झडप, जिकडे तिकडे माझीच ठिगळं. किती दिवस असं चालवायचं? मशीन एकदा पूर्ण उघडून, आतून सगळं नव्यानं बसवायला हवं.

दोन तासांचं काम.